कोर्लईचे टोक

वाचकहो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि मुंबईपासून बोट दक्षिणेकडे किनाऱ्याकिनाऱ्याने सरकवत आणा. अलिबाग मागे पडले की थोड्याच अंतरावर कुंडलिका नदी समुद्राला मिळते. त्या मुखाच्या उत्तरेला रेवदंडा आहे आणि दक्षिणेला जमिनीची एक चिंचोळी पट्टी उत्तरेकडे तोंड करून पाण्यात घुसली आहे. पश्चिमेला तिच्या समुद्र, पूर्वेला खाडी आणि मधोमध माशाच्या पाठीसारखा उंच कणा. हे कोर्लईचे भूशिर. भूगोलाच्या पुस्तकातला शब्द भूशिर. आपण आपले साधे 'टोक' म्हणू या.

या टोकावर मी गेलो तो एका विद्यार्थ्यामुळे. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. चौलच्या वेढ्याची हकीकत मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली असेल. एके दिवशी तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, भांडण चौलसाठी होतं ना? मग एवढी माणसं खाडीपलीकडच्या टेकडीसाठी का मेली?" प्रश्न साधा होता. मी काहीतरी उत्तर दिले. 'लष्करी दृष्ट्या मोक्याची जागा' वगैरे. पण खरे सांगायचे तर ते पुस्तकातले शब्द होते. ती जागा मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. जी जागा आपण पाहिली नाही तिच्याविषयी इतक्या खात्रीने बोलावे, याची मला त्या दिवशी जरा लाजच वाटली. सुट्टी लागताच मी निघालो.

जायचे कसे, ते आधी सांगतो. अलिबागेहून रेवदंडा सुमारे १७ किलोमीटर. रेवदंड्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की उजव्या हाताला कोर्लईकडे रस्ता जातो. हा पूल होण्यापूर्वी कोर्लईच्या माणसाला रेवदंड्याच्या बाजाराला जायचे तर होडीशिवाय गती नव्हती. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

गावातून जाणारी वाट टेकडीच्या पश्चिम अंगाने, समुद्राच्या कडेकडेने सरकत थेट दीपगृहापाशी येते. म्हणजे किल्ल्याच्या आधी भेट होते ती दीपगृहाची. दिवसा ठरावीक वेळी पाहुण्यांना आत जाऊ देतात. मात्र चौकशी करून जावे. आमच्यासारख्यांची समजूत अशी असते की दीपगृह म्हणजे एक मोठा दिवा. वर जाऊन पाहिले म्हणजे कळते की खरी करामत दिव्याची नसून भिंगाची आहे. दिव्याचा उजेड चहूकडे पसरून वाया जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती काचेच्या लोलकांची कडी बसवितात. ही कडी उजेड गोळा करतात आणि त्याचा एक घट्ट पट्टा करून क्षितिजाकडे फेकतात. फ्रेनेल नावाच्या एका फ्रेंच अभियंत्याने १८२२ च्या सुमारास ही युक्ती काढली. पूर्वी या भिंगांमागे तेलाचे दिवे जळत. आता वीज आहे.

आणखी एक गंमत ऐका. समुद्रावर रात्री लांबून दिवा दिसला, तर तो कोर्लईचा की आणखी कुठला, हे तांडेलाला कसे कळावे? यासाठी प्रत्येक दीपगृहाला स्वतःची अशी एक लय ठरवून दिलेली असते. एखादा दिवा ठरावीक सेकंदांनी एकदा चमकतो, एखादा लागोपाठ दोनदा चमकून थांबतो. खलाशी ते मोजतो, आपल्या पुस्तकाशी ताडून पाहतो आणि आपण कुठे आहोत हे ओळखतो. अंधारात आवाजावरून माणूस ओळखावा, तसेच हे. आणि दिवा उंचावर का, तर पृथ्वी गोल आहे म्हणून. समुद्रसपाटीपासून १०० फुटांवर उभे राहिलात तर क्षितिज साधारण १२ मैलांवर असते. त्यापलीकडे पाण्याचीच पाठ आड येते. गुरुजींनी वर्गात पृथ्वीचा गोलपणा सांगताना हे उदाहरण जरूर द्यावे.

दीपगृहाच्या आवारातून मागच्या बाजूला पायऱ्या चढत गेल्या आहेत. चढ अवघड नाही. पण उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका आणि पाणी बरोबर घ्या. पाऊण-एक तास रमतगमत चढलो आणि तटाच्या दारातून आत शिरलो. कण्यावर उभा राहून उत्तरेकडे पाहिले मात्र, मागच्या बाकावरच्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर समोर पसरलेले होते.

डावीकडे उघडा समुद्र. उजवीकडे खाडीचे संथ पाणी. समोर, खाडीच्या पलीकडे, नारळी-पोफळींत बुडालेला रेवदंड्याचा कोट. आणि या दोहोंमधून आत जाणारी पाण्याची एकच वाट. चौलच्या बंदरात जाणारे प्रत्येक गलबत या टेकडीच्या पायाशी येणार, येथून कुणीतरी त्याला वरून पाहणार आणि त्याच्या मनात आले तर तोफ डागणार. शहर पलीकडे होते हे खरे. पण शहराचे कुलूप अलीकडे होते. चौल ज्याच्या हाती आणि कोर्लई दुसऱ्याच्या, त्याला रात्री झोप कशी लागावी?

आता हे चौल एवढे मोलाचे का, ते थोडक्यात पाहू. हे बंदर फार जुने. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखकांनी त्याचा 'सेमुल्ल', 'सिमुल्ल' अशा नावांनी उल्लेख केला आहे. अरब प्रवासी त्याला 'सैमूर' म्हणत. दख्खनच्या सुलतानांना घोडे लागत आणि चांगला घोडा अरबस्तान-इराणातून जहाजानेच येई. आफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास याच बंदरात उतरला, तोही एक घोडा बरोबर घेऊन. पुढे जुन्नरच्या सरदाराने त्याचा तो घोडा अडकवून ठेवला आणि बिचाऱ्याला तो सोडवून घेण्यासाठी बरीच यातायात करावी लागली. रेवदंड्यात निकितिनचे स्मारक आहे. घोडे यायचे, कापड जायचे. आणि या येण्या-जाण्यावर जकात बसायची. बंदराची किंमत ती एवढीच, पण ती राज्ये चालविण्याइतकी होती.

पोर्तुगीज या पाण्यात आले तेव्हा त्यांना पहिला मोठा फटका येथेच बसला. १५०८ साली इजिप्तचे आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून त्यांच्या ताफ्याला चौलच्या खाडीत गाठले. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सु मारला गेला. पुढच्याच वर्षी बापाने दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला. पुढे १५२१ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना रेवदंड्याच्या बाजूला कोट बांधण्याची परवानगी दिली. निजामशहाला घोडे हवे होते, पोर्तुगीजांना पाय टेकायला जागा हवी होती. सौदा दोघांच्याही सोयीचा झाला.

आणि टेकडी? टेकडी तशीच मोकळी राहिली. १५५८ च्या सुमारास पोर्तुगीजांनी ती तटबंदीसाठी मागितली. निजामशहा काय ओळखून नव्हता? त्याने नकार दिला आणि स्वतःच बांधकामाला हात घातला. पोर्तुगीज जहाजे धावून आली, चकमकी झाल्या आणि अखेर तोडगा निघाला तो असा, की तुम्हीही बांधू नका, आम्हीही बांधणार नाही. मला हा करार मोठा शहाणपणाचा वाटतो. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन शेजाऱ्यांनी मधली जागा पडीक ठेवावी, अशातली ती गत होती. बांधावरून कोर्टकचेऱ्या करणाऱ्या आपल्या गावांनीही त्यातून काही घ्यावे.

१५७० मध्ये मुर्तझा निजामशहाने चौलला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरच्या अली आदिलशहाने गोव्याला घेरले. महिनोन् महिने वेढा चालला, पण चौल पडले नाही आणि १५७१ मध्ये तह झाला. वर्गात मी शिकवीत होतो तो हाच वेढा. त्यात निजामशाहीने धडा घेतला. शहर तटावर डोके आपटून मिळत नाही. त्याचा घसा आवळावा लागतो. घसा म्हणजे ही टेकडी. १५९४ मध्ये दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने जुना करार बाजूला सारून कोर्लईवर बळकट किल्ला उभारला आणि येथल्या तोफा चौलच्या वाटेवर रोखल्या. पोर्तुगीजांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी हल्ला चढविला. सांगतात, की बाहेर लढायला काढलेला हत्ती जखमी होऊन मागे फिरला आणि नेमका दरवाजातच कोसळला. त्याच्या धुडामुळे दार लावता येईना आणि पोर्तुगीज त्याच वाटेने आत घुसले. पोर्तुगीज लेखकांनी मेलेल्या शत्रूंचे आकडे हजारांत दिले आहेत. जिंकणाऱ्याने मोजलेले आकडे आहेत ते. हात राखूनच घ्यावेत. पण कत्तल मोठी झाली यात शंका नाही.

आज आपण जो किल्ला पाहतो तो बराचसा पोर्तुगीजांच्या हातचा. लांबी सुमारे २,८०० फूट आणि रुंदी सरासरी अवघी ९० फूट. किल्ला कसला, कण्यावर घातलेला एक लांबलचक सोपाच म्हणा ना. जुन्या नोंदींत आतबाहेरचे मिळून ११ दरवाजे मोजलेले आहेत. शत्रूने एक दार फोडले तरी पुढे दुसरे, त्यापुढे तिसरे. एका दारावर 'लढल्याशिवाय वाट नाही' अशा अर्थाची ओळ कोरलेली होती असेही नमूद आहे. उत्तर टोकाला, अगदी पाण्याच्या पातळीशी, तोफांचा मोर्चा आहे. तेथे उभे राहिले म्हणजे खाडीचे तोंड हाताच्या अंतरावर वाटते. मधल्या माथ्यावर छप्पर गेलेले चर्च आहे. गडावर पाण्याची टाकी आहेत, गंजलेल्या तोफा आहेत आणि रत्नेश्वराचे देऊळही आहे.

एकाच माथ्यावर चर्च आणि महादेव कसे, हा प्रश्न मुले नक्की विचारतील. उत्तर पुढच्या इतिहासात आहे. १६८३ मध्ये संभाजीराजांनी चौलवर मोहीम काढली, पण ते ठाणे त्या वेळी हाती आले नाही. मग चिमाजी अप्पांची वसईची मोहीम झाली. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातील पोर्तुगीजांची सत्ताच उखडली गेली. कोर्लईलाही सुभानराव माणकरांनी वेढा घातला होता. अखेर १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीजांनी बुरुजांना आपल्या संतांची नावे दिली होती. मराठ्यांनी ती बदलून आपली नावे ठेवली. पुढे १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आला. तोवर चौलच्या बंदरात गाळ साचत चालला होता आणि व्यापार मुंबईकडे वळला होता. ज्या वाटेसाठी अडीचशे वर्षे माणसे मेली, ती वाट मोठ्या जहाजांनी केव्हाच सोडली होती. कुलूप शाबूत राहिले, पण तिजोरी रिकामी झाली.

इतके पाहून मी खाली उतरलो. मनात म्हटले, मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, आता परतावे. पण गावात, चर्चच्या आसपासच्या वाडीत, एका घराच्या अंगणात एक म्हातारी बसली होती. तिने अंगणात खेळणाऱ्या नातवाला काहीतरी सांगितले. शब्द कानावर पडले, पण एकही समजला नाही. मराठी नव्हे, कोंकणी नव्हे. पोराने खेळता खेळताच उत्तर दिले, "येतो गं, थांब जरा!" ते मात्र मला समजले. ते मराठी होते.

वाचकहो, म्हातारी बोलली ती पोर्तुगीज रक्ताची भाषा. गावातले ख्रिस्ती लोक तिला 'नो लिंग' म्हणतात. म्हणजे 'आपली बोली'. पोर्तुगीज शिपायांनी येथल्या बायकांशी लग्ने केली, आसपासची काही कुटुंबे ख्रिस्ती झाली आणि त्यांच्या घराघरांत ही मिश्र बोली तयार झाली. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले. बोलणारी माणसे मागे राहिली. येथलीच शेतीवाडी करणारी साधी माणसे ती, जाणार कुठे? मधे खाडी, सोयरीक आपसांत, चर्चमधल्या प्रार्थना दीर्घकाळ पोर्तुगीजमधून. बाहेरच्या जगाशी गाठ पडे ती होडीने, म्हणजे कमीच. म्हणून ही बोली टिकली. आज ती बोलणारे हजाराच्या आतबाहेर असतील.

तिची घडण ऐकण्यासारखी आहे. आपण म्हणतो, 'मी भात खाल्ला'. पोर्तुगीज माणूस आपल्या भाषेत क्रियापद मधे घालतो: मी, खाल्ला, भात. कोर्लईची म्हातारी शब्द पोर्तुगीज घराण्याचे घेते, पण ओळीत लावते आपल्यासारखे: मी, भात, खाल्ला. मराठीच्या शेजारात राहून परदेशी शब्दांनी मराठीची चाल उचलली. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाभ्यासकाने या बोलीवर १९९६ साली एक सबंध ग्रंथ लिहिला आहे. जगातले पंडित जिच्यासाठी कोर्लईला येतात, ती बोली पलीकडच्या तालुक्यातल्या आपल्या शिक्षकांना ऐकूनही ठाऊक नसावी, हे मला खटकते.

कुणी म्हणेल, परक्या राज्यकर्त्यांची ही खूण. तिचे एवढे कौतुक कशाला? मीही क्षणभर तसेच म्हटले असते. पण मग आपण रोज काय बोलतो ते पाहा. चावी, पगार, बटाटा, पाव, घमेले, बिजागरी, लिलाव, तुरुंग. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्या घरात आले. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा हे शब्द काही परत पाठविले नाहीत. शब्दाला तह लागू होत नाही. आणि ती म्हातारी काही पोर्तुगालची नव्हे. ती कोर्लईची, तिची माती येथली, तिच्या वाक्याची चालसुद्धा येथलीच. किल्ला जिंकण्यात आपले शौर्य होते. पण जिंकलेल्या जागी जी माणसे उरली त्यांची बोली ऐकून घेणे हेही त्याच इतिहासाचे काम आहे. तटाचा दगड ढासळला तर पुरातत्त्वाचे लोक तो पुन्हा बसवू शकतात. म्हातारीनंतर नातवाने उत्तर मराठीतच दिले, तर पुढचा दगड बसविणार कोण? त्या पोराचा यात दोष नाही. शाळा मराठी, बाजार मराठी, नोकरी मुंबईची. पूल झाला हे चांगलेच झाले. दवाखाना, शाळा, बाजार जवळ आले. पण ज्या खाडीने बोली सांभाळली ती खाडी आता आड येत नाही, हेही खरे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक सूचना आहे. सहल काढाल तर कोर्लईला जरूर काढा. आधी दीपगृह दाखवा. मग मुलांना माथ्यावर न्या आणि इतिहास सांगण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: "येथे तोफ ठेवायची तर कुठे ठेवाल?" ती आपण होऊन उत्तर टोकाकडे धावतील. त्यानंतर १५९४ सांगा. कधी विसरणार नाहीत. तटावर नावे कोरू देऊ नका. आणि उतरताना गावात थांबा. कुणाच्या अंगणात गर्दी करू नका, कुणाला 'बोलून दाखवा' म्हणून भरीला घालू नका. पण कुणी आपण होऊन बोलले, तर मुलांना ऐकू द्या. नुसते ऐकू द्या.

परत आल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी बोलावले आणि फळ्यावर खाडी काढली, टेकडी काढली, वाट काढली. त्याला पटले. मग तो म्हणाला, "सर, आता तिथं काय आहे?" मी त्याला दीपगृहाचे सांगितले, चर्चचे, देवळाचे सांगितले आणि त्या म्हातारीचेही सांगितले. त्याने विचारले, "ती काय म्हणाली?"

ते मला अजून माहीत नाही. पुन्हा जाईन तेव्हा त्यालाही बरोबर नेणार आहे.